कंदिलांची नदी : होई आन

उजेड पाहावयाचा असेल तर आधीं अंधार हवा, ही साधी गोष्ट विजेच्या दिव्यांनीं भरलेल्या शहरांत राहणारा मनुष्य हळूहळू विसरत चालला आहे. घरांत, रस्त्यावर, दुकानांच्या दर्शनी भागांत सर्वत्र इतका प्रकाश असतो, कीं एकाच दिव्याकडे पाहत राहावें असा प्रसंगच येत नाहीं. व्हिएतनामच्या मध्यभागीं, समुद्रकिनाऱ्याजवळ, होई आन नांवाचें एक जुनें नदीकांठचें नगर आहे. तेथें संध्याकाळ झाली म्हणजे लहान लहान होड्या, रेशमी कापडाचे रंगीत कंदील टांगून, थव्याथव्यानें पाण्यांत उतरतात. आणि दूरदूरच्या देशांतून आलेलीं माणसें त्यांत बसून वीस-एक मिनिटें नदीवर फिरून येतात. दिसावयास हा केवळ करमणुकीचा प्रकार आहे. परंतु होडीच्या दोन्ही बाजूंस जें दृश्य दिसतें तें तसें कां दिसतें, याचा विचार केला म्हणजे एका बंदराच्या उदयाची, अस्ताची व पुनर्जन्माची हकीकत हातीं लागते. या हकीकतींत नदीनें नगराला जन्म दिला, नदीनेंच त्याचें वैभव हिरावून घेतलें, आणि तें हिरावून घेतांना त्याचें जुनें रूप मात्र जपून ठेविलें.

थु बोन ही नदी पश्चिमेकडील डोंगरांतून निघून पूर्वेस समुद्राला मिळते. मुखाजवळ येतांना तिला अनेक फांटे फुटतात व त्यांच्यामध्यें सखल बेटें तयार होतात. यांपैकीं जो फांटा जुन्या नगराच्या अगदीं पायाशीं वाहतो, त्याला होआय नदी म्हणतात. कंदिलांच्या होड्या चालतात त्या याच फांट्यांत. एका कांठास जुनें नगर, समोरच्या कांठास आन होई नांवाचें बेट, व दोहोंना जोडणारा पूल, अशी ही रचना आहे. नगराच्या व बेटाच्या नांवांत तेच दोन शब्द उलटसुलट आले आहेत. ‘होई’ म्हणजे एकत्र येणें व ‘आन’ म्हणजे शांति. तेव्हां होई आन म्हणजे शांततेनें एकत्र येण्याचें ठिकाण. जुन्या युरोपीय नकाशांत व प्रवासवृत्तांत याच गांवाचें नांव फैफो असें आढळतें. येथून उत्तरेस सुमारें ३० किलोमीटरांवर दा नांग हें मोठें बंदर आहे, व २०२५ च्या जुलैपासून होई आनचा समावेशहि दा नांग शहराच्या हद्दींत झाला आहे. या दोन गांवांचें नातें जुनें आहे, आणि होई आनचें नशीब त्या नात्यानेंच ठरलें आहे.

सूर्य मावळून गेला आहे, परंतु आकाशांतील तांबूस छटा अद्याप पाण्यावरून गेलेली नाहीं, अशी जी वेळ तीच या जलविहाराला सर्वांत अनुकूल समजतात. संध्याकाळीं जुन्या गांवांतील रस्त्यांवर मोटारसायकलींना मज्जाव असतो, त्यामुळें नदीकांठापर्यंत पायींच यावें लागतें. घाटावर ठरलेल्या दरानें तिकीट मिळतें. होडींत पाय ठेवण्यापूर्वीं बुडण्यापासून बचाव करणारें जाकीट अंगांत घालावें लागतें. होडी लांकडी, अरुंद व बसक्या बांध्याची असते. आडव्या फळ्यांवर मोजकीं माणसें बसतात, वरच्या चौकटीस कंदील टांगलेले असतात, आणि एका टोंकास वल्हें घेऊन नावाडी बसलेला असतो. पुष्कळदां हें काम स्त्रियाच करतात. पानांची शंकूच्या आकाराची टोपी घातलेली एकादी प्रौढ स्त्री एका हातानें वल्हें मारीत, दुसऱ्या हातानें शेजारची होडी हलकेच दूर सारीत, गर्दींतून वाट काढतांना दिसते. घाट मागें पडला, कीं कांठावरचा गलबला ओसरतो, वल्ह्याचा आवाज ऐकूं येऊं लागतो, आणि पिवळ्या रंगाच्या भिंतींचीं व काळ्या कौलांचीं बसकीं घरें एकामागून एक पाण्यांत उतरल्यासारखीं दिसूं लागतात.

हीं घरें ज्यांनीं बांधलीं तीं माणसें येथें आलीं वाऱ्यामुळें. कोंकणच्या दर्यावर्दी लोकांना मोसमी वाऱ्यांचा जो नेम ठाऊक आहे, तसाच नेम पूर्वेकडील समुद्रांतहि चालतो. हिवाळ्यांत वारा ईशान्येकडून वाहूं लागला म्हणजे चीन व जपानकडील गलबतें त्याच्या जोरावर दक्षिणेस येत. उन्हाळ्यांत तो नैर्ऋत्येकडून वाहूं लागला म्हणजे तींच गलबतें परत निघत. मधले कित्येक महिने व्यापाऱ्याला परमुलुखांत मुक्काम करण्यावांचून गत्यंतर नसे. माल विकावयाचा, नवा माल जमवावयाचा, आणि वारा फिरण्याची वाट पाहावयाची. या सक्तीच्या मुक्कामांतून वखारी निघाल्या, वखारींच्या आधारानें घरें झालीं, आणि घरांच्या ओळींतून नगर झालें. १५५८ सालीं न्गुयेन होआंग हा सरदार दक्षिणेकडे आला, व त्याच्या वंशजांनीं या मुलुखावर राज्य करतांना परकीय व्यापाराला दारें मोकळीं ठेविलीं. रेशीम, साखर, मिरीं, दालचिनी, सुगंधी अगरू आणि समोरच्या चाम बेटांवरील पाकोळ्यांचीं खाद्य घरटीं असा माल येथून बाहेर जाई, व जपानकडून चांदी आणि तांबें येई.

जपानच्या तोकुगावा सरकारनें १६०४ सालापासून आपल्या व्यापाऱ्यांना तांबड्या मोहोरेचे परवाने देण्यास आरंभ केला, व तीं परवानेधारक जहाजें मोठ्या संख्येनें होई आनला येऊं लागलीं. १६१८ ते १६२२ या काळांत या प्रदेशांत राहिलेल्या क्रिस्तोफोरो बोर्री या इटालियन जेझुइटानें आपल्या ग्रंथांत फैफोचें वर्णन केलें आहे. चिनी व जपानी लोकांच्या येथें दोन निरनिराळ्या वस्त्या होत्या. प्रत्येकीचा प्रमुख वेगळा व प्रत्येकीचे रीतिनियमहि वेगळे, असें तो सांगतो. परंतु १६३५ सालीं जपान सरकारनें आपल्या प्रजेला परदेशीं जाण्याची व परदेशांतून परत येण्याची बंदी केली, आणि जपानी वस्ती उतरणीस लागली. नगराबाहेरच्या भातशेतांत तानी याजिरोबेइ नांवाच्या जपानी व्यापाऱ्याची १६४७ सालची समाधि आहे. सरकारी हुकमाप्रमाणें मायदेशीं जावयास निघालेला हा गृहस्थ येथील एका स्त्रीवरील प्रेमामुळें माघारी फिरला, अशी हकीकत लोक सांगतात. त्याची समाधि मात्र ईशान्येकडे, म्हणजे जपानच्या दिशेला, तोंड करून आहे.

जपानी वस्तीची सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे एका ओढ्यावरचा छपराचा पूल. हा ओढा जेथें नदीला मिळतो तेथूनच, होडी त्या बाजूस आली म्हणजे, त्याचें कमानदार छप्पर दिव्यांच्या उजेडांत दिसतें. परंपरेप्रमाणें या पुलाच्या बांधकामास १५९३ सालीं आरंभ झाला. पुलालगतच एक लहानसें देऊळ आहे. एका टोंकाशीं माकडांची जोडी व दुसऱ्या टोंकाशीं कुत्र्यांची जोडी बसविलेली आहे. बांधकाम माकडाच्या वर्षांत सुरू होऊन कुत्र्याच्या वर्षांत संपलें, याची ती आठवण असें म्हणतात. १७१९ सालीं न्गुयेन घराण्यांतील राज्यकर्त्यानें येथें भेट दिली व पुलाला ‘दुरून येणाऱ्यांचा पूल’ अशा अर्थाचें नांव दिलें. व्हिएतनामच्या वीस हजार डोंगांच्या नोटेवर याच पुलाचें चित्र आहे. याविषयींची दंतकथा तर हिंदी माणसाला विशेष गमतीची वाटेल. पृथ्वीच्या पोटांत एक प्रचंड जलचर निजलेला आहे. त्याचें डोकें हिंदुस्थानांत, शेंपूट जपानांत व पाठ होई आनखालीं. तो हलला कीं जपानांत भूकंप होतो. म्हणून त्याच्या पाठींत खिळा ठोकावा त्याप्रमाणें हा पूल नेमका त्या जागीं बांधला! कथा खरी असो वा नसो, हिंदुस्थानापासून जपानपर्यंतचा समुद्र हा एकच प्राणी आहे आणि आपलें गांव त्याच्या मध्यावर आहे, ही बंदरांतील लोकांची समजूत तींत स्पष्ट उमटली आहे.

जपानी गेले, पण चिनी राहिले. १६४४ सालीं मिंग घराण्याची सत्ता ढांसळल्यावर तिकडून निघालेल्या पुष्कळ कुटुंबांनीं येथेंच कायमचें घर केलें. चीनच्या ज्या ज्या प्रांतांतून हे लोक आले, त्या त्या प्रांताच्या मंडळींनीं स्वतःचें सभागृह बांधलें. फुकिएन प्रांतीयांच्या सभागृहांत समुद्रावर नाविकांचें रक्षण करणाऱ्या थिएन हाउ या देवतेची पूजा होते. नव्या मुलुखांत पोहोंचलेल्या माणसाला आपली बोली बोलणारा कोणी भेटावा, वादळांतून वांचल्याबद्दल देवीपुढें उदबत्ती लावतां यावी, व परत जाण्यापूर्वीं मृत्यु आला तर अंत्यविधीची सोय व्हावी, अशा गरजा अशा सभागृहांतून भागत.

व्यापाऱ्यांचीं घरेंहि याच गरजांतून घडलीं आहेत. रस्त्याकडील बाजू अरुंद, पण खोली पुष्कळ. पुढें दुकान, मध्यें उघडा चौक, मागें राहण्याच्या खोल्या, आणि नदीकांठच्या ओळींत मागचें दार थेट पाण्याच्या बाजूस. होडींतून उतरलेला माल मागच्या दारानें आंत येई व पुढच्या दारानें गिऱ्हाइकाच्या हातीं जाई. दारांच्या चौकटीवर लांकडाच्या दोन वाटोळ्या चकत्या ठोकलेल्या असतात. त्यांना दाराचे डोळे म्हणतात. घरांत कोण येतें तें त्यांनीं पाहावें, अशी भावना. व्हिएतनामच्या या भागांतील होड्यांच्या पुढील टोंकावरहि दोन्ही बाजूंस डोळे रंगविण्याची जुनी चाल आहे. घराला डोळे व होडीलाहि डोळे. अर्धें आयुष्य जमिनीवर व अर्धें पाण्यावर काढणाऱ्या लोकांना दोहोंचीहि सारखीच काळजी होती, हें यावरून ध्यानांत येतें.

पुढें या सर्व वैभवाला उतरती कळा लागली. १७७० नंतरच्या दशकांत ताय सोन बंडाच्या लढायांत नगराची मोठी हानि झाली. तें पुन्हां उभें राहिलें, परंतु त्याहून चिवट शत्रु नदीच्या तळाशीं सांचत होता. डोंगरांतून येणारा गाळ मुखाशीं बसत गेला, पात्र उथळ झालें, वाट बदलूं लागली. त्याच सुमारास जहाजें आकारानें मोठीं होत चाललीं व त्यांना खोल पाण्याची गरज भासूं लागली. १९ व्या शतकांत अशीं जहाजें दा नांगच्या खोल उपसागराकडे वळलीं. फ्रेंचांनीं आपला अंमल बसल्यावर त्याच बंदराची वाढ केली, आणि होई आन बाजूला पडलें. वखारी रिकाम्या झाल्या. नवें बांधावयास पैसा राहिला नाहीं, व जुनें पाडण्याचें कारणहि राहिलें नाहीं. जेथें व्यापाराची भरभराट होत राहिली तेथें जुनीं लांकडी घरें जाऊन दगडविटांच्या व पुढें सिमेंटच्या उंच इमारती आल्या. होई आनमध्यें मात्र ज्याच्या त्याच्या घरावर कौलें बदलण्यापलीकडे फारसें कांहीं घडलें नाहीं. विसाव्या शतकांतील दीर्घ युद्धांतहि हें गांव मोठ्या विध्वंसांतून वांचलें. आज तेथें ११०७ लांकडी सांगाड्याच्या इमारती मोजल्या जातात, त्या या दारिद्र्यानें व विस्मृतीनें राखलेल्या आहेत.

याच नदीच्या खोऱ्यांत नगराच्या पश्चिमेस सुमारें ४० किलोमीटरांवर डोंगरांनीं वेढलेलें मी-सॉन हें स्थान आहे. होई आन हें व्हिएतनामी लोकांचें बंदर होण्यापूर्वीं या किनाऱ्यावर चंपा राज्याची सत्ता होती, व नदीमुखाजवळ चाम लोकांचें बंदर होतें. त्यांचे राजे शिवोपासक होते. चौथ्या शतकांत भद्रवर्मा राजानें मी-सॉन येथें शिवलिंगाची स्थापना केली व आपलें नांव जोडून देवाला भद्रेश्वर म्हटलें. त्याचे शिलालेख संस्कृत भाषेंत आहेत. विटांचीं तीं मंदिरें पुढें शतकानुशतकें वाढत गेलीं. १९६९ च्या अमेरिकन बाँबवर्षावांत त्यांतील कित्येकांचा नाश झाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळींनीं २०१७ पासून तेथें जीर्णोद्धाराचें काम केलें, व २०२० च्या मे महिन्यांत काम चालू असतांना नवव्या शतकांतील एकाच वालुकाश्मांतून घडविलेलें शिवलिंग त्यांना सांपडलें. जें पाणी मी-सॉनच्या ओढ्यांतून वाहतें, तेंच थु बोनमध्यें मिसळून होई आनच्या कंदिलांखालून समुद्राकडे जातें.

मी-सॉनच्या जीर्णोद्धारासाठींच १९८० नंतर पोलंडहून काझिमिएझ क्वियातकोव्स्की नांवाचे शिल्पशास्त्रज्ञ आले होते. होई आनमध्यें आल्यावर या जुन्या ओळींचें मोल त्यांनीं ओळखलें, व त्या पाडूं नयेत, आहेत तशा राखाव्यात, असा आग्रह स्थानिक कारभाऱ्यांपाशीं धरला. लढाईनंतरच्या टंचाईच्या काळांत जुन्या लांकडाची काळजी वाहण्याची कोणास उसंत नव्हती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या आग्रहाची किंमत कळते. १९८५ सालीं व्हिएतनाम सरकारनें नगराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, आणि १९९९ च्या डिसेंबरांत होई आन व मी-सॉन या दोहोंचाहि युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला. क्वियातकोव्स्की मात्र त्यापूर्वीं दोन वर्षें, १९९७ सालीं, ह्युए शहरीं वारले. त्यांचें स्मारक होई आनच्या जुन्या भागांत उभारलेलें आहे.

कंदिलांची कल्पना पुढें आली ती या सुमारास. १९९८ पासून नगरांत असा प्रघात पडला, कीं दर चांद्रमासाच्या चौदाव्या रात्रीं जुन्या भागांतील विजेचे दिवे मालवावयाचे व कंदील लावावयाचे. तेथील महिनाहि महाराष्ट्रांतील पंचांगाप्रमाणें अमावास्येशीं सुरू होतो; तेव्हां ही रात्र म्हणजे साधारणपणें शुद्ध चतुर्दशीची रात्र. या उपक्रमाची खरी खुबी कंदील लावण्यांत नव्हती, तर आधीं दिवे मालवण्यांत होती. अंधार पडला तेव्हां जुन्या घरांची उंची, छपरांचे उतार, दारांतून डोकावणारा देव्हारा, नदीवर पडलेलें चांदणें, हें सारें पुन्हां दिसूं लागलें. कंदिलांनीं त्या अंधाराला केवळ किनार लावली.

हा कंदील करण्याची रीतहि पाहण्यासारखी आहे. त्याचा सांगाडा बांबूचा असतो. बांबूला कीड लागूं नये म्हणून तो मिठाच्या पाण्यांत उकळतात व उन्हांत वाळवितात. मग त्याच्या पातळ, लवचीक कामट्या काढतात. वरच्या व खालच्या लांकडी चकतीस या कामट्या जोडून त्यांना बांक दिला, कीं आकार तयार होतो. कोणी चेंडूसारखा वाटोळा, कोणी लसणीच्या गड्ड्यासारखा, कोणी लांबट. त्यावर रेशमी कापड ताणून डिंकानें चिकटवितात, आणि कडा कातरून शेवटीं गोंडा लावतात. कापड सैल राहिलें तर सुरकुती पडते, व फार ताणलें तर कामटी वांकडी होते. सारें कसब त्या ताणण्यांत आहे. छत्रीप्रमाणें मिटणारा सांगाडा ही येथील कारागिरांची अलीकडची युक्ति असून तिच्यामुळें हा नाजूक जिन्नस प्रवाशाच्या पेटींतून परदेशीं जाऊं लागला. हस्तव्यवसाय व लोककला यांसाठीं युनेस्कोनें २०२३ सालीं या नगराला आपल्या सर्जनशील नगरांच्या मालिकेंत घेतलें.

आतां होडी पात्राच्या मध्यावर आलेली असते. आन होईच्या कांठावर रात्रीच्या बाजारांतील कंदिलांचीं दुकानें लखलखत असतात. नगराच्या बाजूनें कधीं गाण्याचा आवाज येतो. तो ‘बाय चोय’ नांवाच्या खेळाचा. लहान मचाणांवर बसलेल्या खेळाडूंजवळ पत्ते असतात, व पुकारणारा पत्त्याचें नांव सरळ न सांगतां गाण्याच्या कडव्यांत गुंफून सांगतो. मध्य व्हिएतनामच्या या लोककलेला २०१७ सालीं युनेस्कोची मान्यता मिळाली. होडींतील कंदिलांत आतां विजेचे लहान दिवे असतात, परंतु पाण्यांत सोडावयाच्या कागदी दिव्यांत अद्याप खरी मेणबत्ती जळते. कागदाच्या लहानशा पेटींत ती ठेवून, मनांत इच्छा धरून, लांब काठीनें अलगद पाण्यावर सोडतात. गोदावरीच्या किंवा कृष्णेच्या घाटावर कार्तिकांत द्रोणांतून दिवे सोडलेले ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना ही क्रिया परकी वाटणार नाहीं. दिवा क्षणभर जागच्या जागीं फिरतो, मग प्रवाह त्याला उचलतो, व थोड्याच वेळांत कोणता दिवा कोणाचा हें ओळखेनासें होतें.

अशा प्रकारें विस्मृतीनें राखलेलें हें गांव आतां आठवणीवर जगत आहे. आणि त्याच्यापुढें नव्या अडचणी उभ्या आहेत त्या येथूनच निघतात. महिन्यांतून एका रात्रीचा उत्सव आतां रोजचा झाला आहे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबें राहत, त्यांतील पुष्कळांत कपड्यांचीं, चामड्याच्या जिनसांचीं व कॉफीचीं दुकानें आलीं असून मूळचे रहिवासी नगराबाहेर राहावयास गेले आहेत. भाड्याच्या पैशांतून जुन्या घराची डागडुजी होते, हें खरें. परंतु रात्रीं दुकान बंद झाल्यावर आंत कोणी निजत नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे. जपानी पुलाची पुरती दुरुस्ती २०२२ च्या डिसेंबरांत हातीं घेतली गेली व २०२४ च्या ऑगस्टांत तो पुन्हां खुला झाला. तेव्हां त्याचे उजळ रंग पाहून पुष्कळांनीं तो नवा दिसतो अशी तक्रार केली. लांकूड कुजूं द्यावें तर पूल राहत नाहीं, व बदलावें तर जुनेपण राहत नाहीं. जुन्या गांवाचा संसार चालविणाऱ्यांना हा प्रश्न घरोघर सोडवावा लागतो.

आणि नदी तर आपल्या स्वभावाप्रमाणें वागतच आहे. पावसाळ्याच्या अखेरीस थु बोन कांठ सोडून रस्त्यांत शिरते. तान की नांवाच्या प्रसिद्ध जुन्या घरांत पुराच्या खुणा भिंतीवर सालवार नोंदलेल्या आहेत, त्यांत १९६४ ची खूण माणसाच्या डोक्यापलीकडे आहे. दुसऱ्या एका घरांत माडीच्या जमिनीला झडप ठेविलेली आहे. पाणी चढूं लागलें कीं खालचा माल दोरानें तींतून वर घ्यावयाचा. म्हणजे पूर हा येथील घरांच्या रचनेंतच गृहीत धरलेला आहे. परंतु २०२५ च्या ऑक्टोबरअखेर मध्य व्हिएतनाममध्यें जी विलक्षण अतिवृष्टि झाली, तिच्यामुळें सारा जुना भाग पाण्याखालीं गेला, व ज्या होड्या एरवीं प्रवाशांना कंदील दाखवीत फिरवितात, तशाच होड्यांतून माणसांना घरांबाहेर काढावें लागलें. दुसऱ्या टोंकाला, जेथें गाळ सांचल्यामुळें बंदर बुडालें, त्याच मुखाशेजारची कुआ दाय येथील पुळण आतां वाळूअभावीं झिजत आहे. वर धरणें बांधलीं गेलीं, पात्रांतील वाळू उपसली गेली, आणि समुद्राला जें मिळावयाचें तें मिळेनासें झालें. एके काळीं नदीनें फार आणलें म्हणून नगर मागें पडलें. आतां ती फार थोडें आणते म्हणून किनारा मागें हटत आहे.

म्हणूनच हा जलविहार करूं इच्छिणाऱ्यानें, शक्य असेल तर, चतुर्दशीच्या आसपासची रात्र निवडावी, पावसाचे ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळावे, आणि परत आल्यावर लगेच घाट सोडूं नये. थोड्या वेळानें गर्दी ओसरते. बाजारांतील एकेक कंदील उतरविला जातो. होडीवाली स्त्री आपल्या होडीवरचे दिवे मालविते, वल्हें आडवें ठेविते आणि दोर खांबाला बांधून घराकडे चालूं लागते. पाण्यावर आतां केवळ दूर गेलेले एकदोन कागदी दिवे उरलेले असतात. मग हळूहळू अंधारांतून छपरांच्या कडा वर येऊं लागतात, पलीकडे नदीचा रुंद पसारा दिसूं लागतो, आणि वारा फिरण्याची वाट पाहत जेथें परक्या माणसांनीं शेंकडों रात्री काढल्या, तें बंदर कंदिलांवांचून जसें होतें तसें क्षणभर पुढें उभें राहतें.